उन्हाळी शिबिराचा खरा खर्च

एप्रिल महिना संपत आला की तालुक्याच्या गावी भिंतींवर व दुकानांच्या दर्शनी भागी उन्हाळी शिबिरांचे फलक दिसू लागतात. चित्रकला, जलतरण, नाट्य, सुंदर हस्ताक्षर, व्यक्तिमत्त्वविकास असे त्यांचे विषय असतात. आणि आठ-दहा दिवसांचे शुल्क असे असते की, शेतमजुराच्या घरची कित्येक दिवसांची मजुरी त्यात सहज बुडावी. जिल्हा परिषदेच्या शाळेतील बहुसंख्य मुलांचा या फलकांशी संबंध ते वाचण्यापुरताच येतो. वाचनाचा सराव म्हणून तेही वाईट नाही. परंतु सहा आठवड्यांच्या सुटीत मुलाच्या वाट्याला एवढेच यावे, हे शिक्षणाशी संबंध असलेल्या कोणासही समाधानाचे वाटणार नाही.

यावर सुचविला जाणारा उपाय बहुधा एकच असतो. दानशूर गृहस्थांनी पुढे यावे, काही जागा राखून ठेवाव्यात व गरीब मुलांस शुल्क माफ करावे. उपाय सद्हेतूचा आहे, यात शंका नाही. तथापि शुल्क माफ झाले म्हणजे शिबिर स्वस्त झाले, ही समजूत एकदा तपासून पाहण्याजोगी आहे.

समजा, तालुक्याच्या गावी दहा दिवसांचे विनाशुल्क शिबिर भरले आहे आणि सहा किलोमीटरवरील वस्तीवरची तिसरीतील एक मुलगी त्यास निवडली गेली आहे. एस. टी.चे अर्धे तिकीट जाता-येता दहा दिवस काढावे लागणार. वस्तीपासून थांब्यापर्यंतची वाट एकटीने चालण्याचे तिचे वय नव्हे; म्हणजे आई किंवा आजी सोबत जाणार, आणि ज्या दिवशी आई जाईल त्या दिवसाचा रोज बुडणार. शिबिराच्या सूचनापत्रात पांढरे कॅनव्हासचे बूट, टोपी, रंगपेटी, पाण्याची बाटली व ‘पौष्टिक डबा’ यांचा उल्लेख असतो. डब्यातील भाकरीची लाज वाटण्याची शिकवण मुलीस पहिल्याच दिवशी आपोआप मिळते. त्यासाठी वेगळा तास घ्यावा लागत नाही. शिवाय घरी दीड वर्षाचा भाऊ आहे. आई रोजगारास गेल्यावर त्यास सांभाळते ती हीच. ती शिबिरास गेली तर तो कोणी सांभाळावयाचा, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही सूचनापत्रात नसते. तेव्हा मुलगी दोन दिवस जाते, तिसऱ्या दिवशी जात नाही, आणि संयोजक हळहळतात की, ‘सवलत देऊनही या लोकांना कदर नाही.’

येथे कदर नसल्याचा प्रश्नच नाही. हिशेब चुकला आहे. शुल्क हा शिबिराच्या खर्चाचा सर्वांत लहान भाग होता. प्रवास, सोबत, अन्न, वस्तू व घरकाम हा मोठा भाग कुटुंबाच्याच माथी राहिला. म्हणून अल्प उत्पन्नाच्या घरांतील मुलांसाठी शिबिर शोधताना ‘शुल्क किती?’ याआधी ‘अंतर किती, वेळ कोणती, आणि धाकट्या भावंडाचे काय?’ हे विचारावयास हवे. या तिन्हींचे समाधानकारक उत्तर बहुतेक ठिकाणी एकच येते, ते म्हणजे मुलाच्या स्वतःच्या गावातील शाळेची इमारत.

गरीब मुलांसाठी सुटीचे उपक्रम योजण्याची कल्पना नवी नाही. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील धर्मोपदेशक वाल्टर बिओन यांनी १८७६ साली शहरातील ६८ गरजू मुलांस आप्पेन्झेलच्या डोंगराळ मुलखात काही दिवस राहावयास नेले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत न्यूयॉर्क शहरातील दाटीच्या वस्त्यांतील मुलांस खेड्यातील कुटुंबांत पाठविण्याचे कार्य सुरू झाले. धूर व कोंदट खोल्या यांतून बाहेर पडण्याची त्या मुलांस खरोखरच गरज होती. आपल्याकडील खेड्यातील मुलास मोकळ्या हवेसाठी कोठे नेण्याचे कारण नाही. ती त्याच्याजवळ हवी त्याहून अधिक आहे, आणि मे महिन्यात तर ती तापलेलीही आहे.

आपणांस उपयोगी पडेल असा धडा अधिक जवळ सापडतो. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे कार्य आरंभिले, तेव्हा दलित वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे आढळताच बालवाडीच वस्तीतील अंगणात नेण्यात आली. पुढे १९५७ साली संस्थेचे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे गेले. तो भाग त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. कोसबाडची वारली मुले गुरे-शेळ्या राखावयास रानात जात, म्हणून शाळेत येत नसत. ताराबाई व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी त्यांच्या पालकांस उपदेश करण्यापेक्षा वेगळा मार्ग धरला. गुरे जेथे चरतात तेथे शिक्षिका जाऊ लागल्या आणि ‘कुरणशाळा’ जन्मास आली. खडे, पाने, बिया हेच तिचे शैक्षणिक साहित्य होते. ताराबाईंस १९६२ साली पद्मभूषण देऊन गौरविण्यात आले. परंतु त्यांच्या कार्याचा खरा मान राखावयाचा तर मूल येत नाही असे दिसताच मुलास बोल न लावता शाळेची जागा व वेळ बदलून पाहण्याची त्यांची रीत उचलली पाहिजे. गावशिबिराचा पाया तोच आहे.

आता वेळेचा विचार. सुटी साधारणपणे मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत असते. विदर्भात उन्हामुळे ती आणखी काही दिवस लांबते. या अवधीतील कोणतेही दहा दिवस घ्यावेत व शिबिर उरकावे, असे चालणार नाही. गडचिरोली, गोंदिया या भागांत मे महिना तेंदूपानांचा असतो. पहाटे सारे घर रानात जाते आणि दिवस चढल्यावर जुड्या बांधण्याचे काम चालते. तेथे सकाळचे शिबिर म्हणजे रिकामी शाळा. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील मुले करवंदे व जांभळे द्रोणांत भरून रस्त्याच्या कडेस विकावयास बसतात. बीडसारख्या जिल्ह्यातून ऊसतोडणीस गेलेली कुटुंबे गळीत हंगाम आटोपून मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांची मुले परत येतात, जेमतेम दोन-चार आठवडे वर्गात बसतात आणि शाळेस सुटी लागते. इतर मुलांची सुटी ही वर्षभराच्या अभ्यासानंतरची विश्रांती. या मुलांची सुटी ही एका मोठ्या खंडास जोडून आलेला दुसरा खंड होय. वर्षातून ज्या काळात ही मुले निश्चितपणे गावात असतात, नेमक्या त्याच काळात शाळेस कुलूप असते. गावशिबिराचा सर्वाधिक लाभ कोणास व्हावयाचा, हे यावरून स्पष्ट होईल.

कायद्याची बाजूही शिक्षकांस ठाऊक असावी. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलास कामास लावण्यास बंदी आहे. मात्र शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत, धोकादायक नसलेल्या घरच्या व्यवसायात मदत करण्यास मोकळीक ठेवलेली आहे. म्हणजे सुटीत करवंदे विकणाऱ्या मुलास दटावण्याचे कारण नाही. पण त्या मोकळिकीमुळे सुटीचा सारा दिवस कामात जाऊ शकतो, याकडेही डोळेझाक करता येत नाही. शिबिराने त्याच्या दिवसातील तीन तास मागून घ्यावेत, त्याहून अधिक मागू नयेत.

कोणते तीन तास, हे शिक्षकांनी एकट्याने ठरवू नये. एप्रिलमध्ये एका सायंकाळी आयांस बोलावून विचारावे. बहुतेक गावांत सकाळी सात ते दहा ही वेळ निघते. तेंदूपानांच्या गावात दुपार कलल्यानंतरची निघेल. अकरा ते चार या वेळेत काहीही ठेवू नये. पत्र्याच्या छपराखालील वर्ग सकाळी नवालाच भट्टी होतो; त्यापेक्षा लिंबाची सावली वा देवळाचा मंडप बरा. पिण्याच्या पाण्याचा माठ मुलांच्या नजरेसमोर असावा, कारण लहान मूल खेळात तहान विसरते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ठेवलेले पाणी नित्य हाताशी असावे. ज्या मुलास चक्कर येते, मळमळते त्यास सावलीत निजवून, अंग ओले करून हे पाणी घोटघोट पाजावे; अंग तापून मूल बरळू लागल्यास किंवा शुद्ध हरपल्यास तोंडात काही न घालता अंगावर पाणी ओतीत विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.

अन्नाचा प्रश्न याहून नाजूक आहे. शाळेतील दुपारचा आहार सुटीत बंद होतो, आणि काही मुलांच्या बाबतीत तो दिवसातील सर्वांत भरवशाचा आहार असतो. दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुटीतही शाळेतून आहार द्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये दिला होता आणि २०१६ च्या दुष्काळात त्याचा पुनरुच्चार केला. जिल्ह्यात दुष्काळ जाहीर झाला असेल तर मुख्याध्यापकांनी ही गोष्ट पंचायत समितीच्या ध्यानी आणून द्यावी. इतर वर्षी शिबिराने स्वतःची लहानशी व्यवस्था करावी. दर मुलास ३० ग्रॅम फुटाणे व १५ ग्रॅम गूळ धरला, तर ३० मुलांच्या दहा दिवसांच्या शिबिरास ९ किलो फुटाणे व साडेचार किलो गूळ लागतो. गावच्या दुकानात हा भार कोणासही अवजड वाटू नये. मात्र खाऊ सर्वांस सारखा व शिबिरातच मिळावा. घरून डबा आणण्याची प्रथा मुळीच पाडू नये. तिचे परिणाम वर सांगितलेच आहेत.

शिबिरात करावयाचे काय? या ठिकाणी बहुतेक संयोजक गोंधळतात व शहरी शिबिरांच्या सूचीकडे वळतात. वस्तुतः साहित्याची उणीव हे कारण टिकणारे नाही, हे अरविंद गुप्ता यांनी आयुष्यभराच्या कार्याने दाखविले आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद येथे १९७२ साली सुरू झालेल्या विज्ञानशिक्षण कार्यक्रमाशी त्यांचा निकट संबंध आला. पुढे पुण्यातील आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी सिद्ध केली. त्यांतील एक येथे सविस्तर देण्याजोगे आहे.

सायकलच्या व्हॉल्व्हला लागते ती बारीक रबरी नळी सायकल-दुरुस्तीच्या दुकानात मिळते. तिचे दीड सेंटिमीटरचे तुकडे करावेत. आगकाड्यांचा गूल मोठ्यांनी आधी खरवडून टाकावा. नळीच्या तुकड्यात दोन्ही बाजूंनी एकेक काडी खुपसली की सांधा तयार होतो आणि तो हवा तसा वाकतो. तीन काड्या व तीन सांधे यांचा त्रिकोण, चारांचा चौकोन. मुलांस दोन्ही आकृत्या हातात घेऊन दाबावयास सांगावे. चौकोन लगेच कलतो, त्याचा तिरपा पतंग होतो. त्रिकोण काही केल्या हलत नाही. मग मुलांस गावात हिंडवून हलणार नाहीत असे त्रिकोण शोधावयास पाठवावे. घराच्या आढ्याखालील कैची, सायकलचा सांगाडा, विजेच्या तारांचा मनोरा, पाण्याच्या टाकीचे तिरपे गज, अशी यादी वाढत जाते आणि भूमितीचा जो पाठ पुस्तकात मुलांस कंटाळवाणा वाटतो तो गावभर पसरलेला आढळतो. बाभळीच्या काट्याने नळीच्या तुकड्यास मध्ये भोक पाडून तिसरी काडी घातली की घरे, मनोरे उभे राहू लागतात. दर मुलास दहा सांधे धरले, तर तीस मुलांस साडेचार मीटर नळी लागते. याहून स्वस्त प्रयोगशाळा कोणत्या शिबिरात असेल?

खेळांच्या बाबतीत अधिक सांगणे नको. लगोरी, आट्यापाट्या, सूरपारंबी, सागरगोटे हे मुले शिकविल्यावाचून खेळतात. शिक्षकांनी फक्त मुलींस मैदान मिळते की नाही एवढे पाहावे. आजीबाईंस बोलावून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घ्याव्यात व मोठ्या मुलांनी त्या उतरवून घ्याव्यात. कुंभार, बुरूड, सुतार यांस कला दाखविण्यासाठी बोलावणे उत्तम. पण त्यांचा वेळ फुकट मागणे उत्तम नव्हे. तीन तास काम थांबविल्याचा मोबदला त्यांस द्यावा. गरिबांच्या मुलांचे शिबिर गरिबांच्याच पदराने चालवावे, ही कोठली रीत?

वाचनासाठी इयत्तेप्रमाणे गट पाडू नयेत. पाचवीतील ज्या मुलास वाक्य वाचता येत नाही, त्यास पाचवीच्या गटात बसविल्याने ते येत नाही. ज्यास अक्षरे येतात, ज्यास शब्द येतात, ज्यास गोष्ट वाचता येते, असे तीन गट करून रोज एक तास द्यावा. ‘प्रथम’ या संस्थेने अनेक राज्यांत अशी पातळीनुसार शिकविण्याची पद्धत रूढ केली असून तिच्या सुटीतील वर्गांत गावातीलच तरुण-तरुणींनी हे काम केले आहे. पुस्तकांसाठी गावच्या अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयाकडे जावे. महाराष्ट्रात अशा ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि त्यांच्या कपाटांत बालवाङ्मय पुष्कळदा कुलपाआड निजलेले असते. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. शाळेतील जुने अंक पेटीतून काढून सुतळीवर टांगले तरी मुले आपणहून ओढून वाचू लागतात.

एका विषयाकडे मात्र दुर्लक्ष करून चालणार नाही. सुटीत खेड्यातील मुले पोहावयास जातात, आणि दर उन्हाळ्यात विहिरी, खाणींतील डोह व शेततळी यांत मुले बुडाल्याच्या वार्ता येतात. विहिरीस निदान पायऱ्या वा कपारी असतात. शेततळ्याच्या उतारावर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. तो ओला झाला की इतका निसरडा होतो की, पोहता येणाऱ्या प्रौढासही वर चढणे कठीण जाते. हे मुलांस तळ्यावर नेऊन, काठाबाहेर उभे करून, कागदाच्या तुकड्यावर पाणी ओतून प्रत्यक्ष दाखवावे. बुडणाऱ्याच्या मागे उडी न घेता ओरडावे आणि दोर, ओढणी किंवा लांब काठी फेकावी, याची तालीम जमिनीवर घ्यावी. शेततळ्याच्या मालकांस गाठी मारलेला दोर व फुगविलेली ट्यूब काठास कायम बांधून ठेवण्याची विनंती करावी. पोहणे शिकविण्याची इच्छा स्वाभाविक आहे, तथापि निष्णात पोहणारे प्रौढ पुरेशा संख्येने हजर नसतील तर शिबिराने पाण्यात उतरू नये. दहा दिवसांत दुसरे काही साधले नाही आणि एवढे साधले, तरी शिबिर वाया गेले असे म्हणता येणार नाही.

हे सारे कोणी चालवावे? प्राथमिक शिक्षकाची सुटी ही त्याची हक्काची सुटी आहे. निवडणूक, गणना, सर्वेक्षणे यांनी ती आधीच कुरतडलेली असते. तीत आणखी एक सक्तीचे काम घातल्यास कागदावर शिबिरे पुष्कळ भरतील व मैदानावर थोडी. ज्या शिक्षकास उत्साह आहे त्याने मार्गदर्शन करावे. रोजचा भार दहावी-बारावी झालेल्या गावातील दोन-तीन तरुणी व तरुणांवर द्यावा व त्यांस मानधन द्यावे. मुलांजवळ कोणत्याही वेळी किमान दोन प्रौढ असावेत व त्यांत एक स्त्री असावी, पालकांची लेखी संमती असावी आणि मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली पहिल्या दिवसापासून उपलब्ध असावी. ही शेवटची बाब क्षुल्लक वाटते. ती किल्ली सुटीत गावी गेलेल्या शिपायाच्या खिशात असते, आणि मोठ्या मुली दुसऱ्या दिवशी का आल्या नाहीत, हे कोणी सांगत नाही.

पैशाचा मार्ग दुर्गम नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावयाचा असतो. फुटाणे, गूळ, रबरी नळी, कागद, रंग, मानधन व कारागिरांचा मोबदला हा खर्च त्यात बसविण्याची मागणी शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून करावी. मागणी १ मे च्या ग्रामसभेत केली तर फार उशीर झालेला असतो; टाळ्या मिळतात, पैसा मिळत नाही. ती २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडावी, म्हणजे पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात तिची नोंद होऊ शकते.

शिबिराच्या हजेरीपटास दोन स्तंभ अधिक जोडावेत. एकात सोबत आलेल्या धाकट्या भावंडाचे नाव लिहावे. त्यास परत पाठवू नये. कोपऱ्यात एक चटई, थोडी वाळू, चार डबे व लक्ष ठेवणारी एक बाई एवढ्यावर त्याचे भागते, आणि ती मुलगी दहाही दिवस येते. दुसऱ्या स्तंभात न आलेल्या मुलाचे कारण लिहावे. ‘गैरहजर’ हे कारण नव्हे. कारण जाणून घेण्यासाठी तिसऱ्या दिवशी सायंकाळी त्याच्या घरी जावे लागते, आणि तेथे गेल्यावर बहुधा असे समजते की, वेळ अर्ध्या तासाने बदलली तर मूल येऊ शकते.

शेवटच्या दिवशी व्यासपीठ, हार व बक्षीससमारंभ यांवर जो पैसा जातो, त्यात दोन चेंडू व वीस गोष्टीची पुस्तके येतात. ती एका पेटीत घालून शाळा उघडेपर्यंत मुलांच्याच स्वाधीन करावीत. पेटीची किल्ली शाळेजवळ राहणाऱ्या एखाद्या आजीकडे ठेवावी व कोणी काय नेले याची वही मुलांनीच लिहावी.